रफूच्या टेबलावरचा तापट दिवा

मित्रांनो, "हात लावू नकोस, भाजेल!" हे वाक्य मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे आणि ते अजिबात खोटं नाही. मी हॅलोजनचा स्पॉटलाइट बल्ब. आता पुरता जुना झालोय. मुठीत मावेन एवढा आहे. समोर काच, आत चकचकीत वाटी, वाटीच्या मधोमध एक बारीक नळी आणि मागे दोन आखूड पाय. हे पाय होल्डरच्या भोकांत घालून जरासं फिरवलं की मी घट्ट बसतो. बाकीचे दिवे खोलीभर उजेड सांडत बसतात, मला ते जमत नाही. मी एका जागी झोत टाकतो आणि तिथलं सगळं नीट दाखवतो. स्वभावाने मात्र तापट आहे, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलेलं बरं.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. एका लांब पट्ट्यावरून आम्ही शेकडो भावंडं ओळीने पुढे सरकत होतो आणि पट्ट्याच्या शेवटी हातमोजे घातलेली एक बाई प्रत्येकाला एकदा पेटवून बघत होती. माझी पाळी आली, लख्ख झालं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं घडणार! तेवढ्यात तिने मला विझवलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पन्नास वॅट' असं छापलेलं होतं. मला तो माझ्या हुशारीचा आकडा वाटला. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की तो माझ्या भुकेचा आकडा होता.

खोक्यातून मी निघालो तो थेट आत्याच्या टेबलावर. आत्या रफू करते. कोटाला कसर लागली, खिळ्यात अडकून स्वेटर फाटला, पँटवर ठिणगी पडून भोक पडलं, की लोक तिच्याकडे येतात. ती ठिगळ लावत नाही. ती एकेक धागा उभा आणि एकेक आडवा घालून भोकाच्या जागी नवं कापड विणते. काम झाल्यावर गिऱ्हाइकाने विचारायला हवं, "कुठे फाटलं होतं हो?" त्याने तसं विचारलं नाही तर आत्याला जेवण जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, धागा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढला की झालं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण कपडा बाहेरून उन्हाने आणि धुण्याने विटलेला असतो आणि आतला धागा कोरा करकरीत राहिलेला असतो. तो बाहेर घातला की उठून दिसतो. म्हणून आत्याकडे धाग्यांचे अकरा डबे आहेत. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना गुंडाळलेले शेकडो धागे, आणि एकाही पट्टीवर रंगाचं नाव नाही. आत्याच्या भाचीने एकदा हौसेने चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या, तर आत्याने तिचा हात धरला.

"नको गं बाई. नाव लिहिलं की माणूस नाव वाचतो आणि रंग बघायचं सोडून देतो."

पट्ट्या लावण्याची तिची पद्धतही निराळी. लाल एकीकडे, निळे दुसरीकडे असं नाही. फिक्याकडून गर्दकडे, मग रंग कुठलाही असो. त्यामुळे गर्द डाळिंबी धाग्याच्या शेजारी गर्द तपकिरी, आणि त्याच्या शेजारी गर्द हिरवा. तिचं म्हणणं असं की डोळ्यांना आधी गर्दपणा कळतो आणि नंतर रंग. हे बरोबर की चूक, मी बल्ब आहे, मला काय कळणार? पण हे डोक्यात ठेवा, कारण पुढे सगळा घोटाळा इथेच झाला.

माझं काम होतं रंग ठरवण्याचं. आत्याच्या खोलीला खिडकी आहे, पण खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे आणि ती कुणीतरी हळदीसारखी पिवळीधमक रंगवून ठेवली आहे. खोलीत येणारा दिवसाचा उजेड त्या भिंतीला घासून येतो, त्यामुळे पांढरा कागदसुद्धा तिथे आजारी दिसतो. म्हणून आत्या विणायला खिडकीशी बसायची, पण धागा निवडायला माझ्याकडे यायची. दहा मिनिटं मला लावायची, कपडा आणि धागा झोतात धरायची, मान तिरकी करायची, "हं" म्हणायची आणि मला विझवायची. दिवसाला दहा-वीस मिनिटं काम, म्हणूनच मी नऊ वर्षं टिकलो. माझी भावंडं दुकानांच्या काचांमागे दिवसभर पेटत राहून कधीच संपली असतील.

माझा झोत ताटाएवढा. त्या ताटात येईल ते मला दिसे, बाकीचं नुसतं ऐकू येई. म्हणून मी फार कान देऊन ऐकतो. खोलीत कोण आलं, कोण कुणाला काय म्हणालं, भांडण कशावरून, हसले कशाला, मला सगळं हवं असतं. या बाबतीत माझं आणि भाचीचं चांगलं जमतं. ती अकरा वर्षांची आहे आणि दिवसातून पन्नास प्रश्न विचारते. घरात तिला सगळे 'चौकशी' म्हणतात. शाळेतल्या बाईसुद्धा एकदा चुकून हजेरीत "चौकशी?" म्हणाल्या होत्या.

चौकशीची आई दुपारच्या पाळीला कामाला जाते. तिचे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, विजेच्या मीटरचं रीडिंग घेतात. दिवसभर लोकांच्या जिन्यांखाली वाकून कुणी किती वीज खाल्ली ते टिपून घ्यायचं. अशा माणसाच्या घरात मी नऊ वर्षं कसा राहिलो याचं मलाच नवल वाटतं. संध्याकाळी घरी आले की ते माझ्याकडे बोट दाखवत.

"ताई, हा दिवा नाही, शेगडी आहे शेगडी. घाम बघ तुझ्या कपाळावर!"

"शेगडी तर शेगडी. रंग खरे सांगते."

यावर बाबा हात जोडत आणि आत जात. त्यांचं चुकत नव्हतं, मित्रांनो. मी खात होतो त्या विजेतला जेमतेम दहावा हिस्सा उजेडाला लागायचा आणि बाकी सगळ्याची नुसती धग व्हायची. एकदा तर टेबलावरची मेणाची वडी, जिच्यावरून आत्या धागा ओढून घेते, ती माझ्या खाली राहिली आणि पाघळून कात्रीला चिकटली. त्या दिवशी मला खरंच लाज वाटली.

मग एका रविवारी बाबा सहा नवे बल्ब घेऊन आले. एलईडीचे, पाच वॅटचे. वॅटचा आकडा बघून त्यांनी ते निवडले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता. जिन्यात एक, न्हाणीघरात एक, असे करत करत ते आत्याच्या टेबलापाशी आले. फडक्याने मला धरलं, फिरवलं, काढलं आणि माझ्या जागी त्या पाहुण्याला बसवलं.

"बघ, ताई! किती पांढरा! आणि हात लाव, गारेगार."

आत्याने हात लावला आणि हसली. भावाने एवढ्या प्रेमाने आणलेलं, ती नाही कशाला म्हणेल? मला तिने बटणांच्या डब्यात ठेवलं. डबा शिगोशीग भरलेला होता, झाकण नीट बसत नव्हतं, त्यामुळे फटीतून मला टेबलाचा कोपरा दिसत राहिला. डबा टेबलावरच्या फळीवर होता, म्हणजे ऐकायची सोय उत्तम होती.

पहिले दोन दिवस मी रागावून बसलो होतो. मग राग गेला आणि कुतूहल राहिलं. हा नवा एवढा कमी खातो आणि तरी एवढा उजेड देतो, हे जमतं तरी कसं? त्याचा उजेड निळसर पांढरा होता आणि टेबलभर पसरायचा. भिंतीवर, आत्याच्या चष्म्यावर, सगळीकडे. आत्या डोळे बारीक करायची. हळूहळू मला तिचं पुटपुटणं ऐकू येऊ लागलं.

"आज धागे कसे मेल्यासारखे दिसतायत."

"डोळ्यांना पाणी का येतंय बाई सारखं?"

"वय झालं. दुसरं काय?"

मी डब्यातून ओरडत होतो, पण बल्बला पेटवल्याशिवाय बोलता येत नाही.

तीन आठवडे असेच गेले. मग ग्रंथपालबाईंचा कोट आला. त्या जवळच्या वाचनालयात काम करतात आणि गर्द डाळिंबी रंगाचा तोच लोकरी कोट बावीस वर्षं घालतात. कोपरावर कसर लागून रुपयाएवढं भोक पडलं होतं. आत्याने तीन दिवस खपून ते भरलं. वीण इतकी सुरेख, की हात फिरवला तर कळणारही नाही. कोट गेला आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, बाई परत दारात.

आमच्या मजल्यावर दाराबाहेर उघडी गॅलरी आहे आणि तिथे सकाळचं स्वच्छ ऊन येतं. बाई आत आल्याच नाहीत. मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"ताई, रागावू नका हं. पण जरा बाहेर येऊन हे बघता का?"

आत्या बाहेर गेली. डाळिंबी कोपरावर रुपयाएवढा तपकिरी डाग होता. सुंदर विणलेला, पण तपकिरी.

"पुन्हा करून देते. ठेवून जा," एवढंच आत्या म्हणाली. ती आत आली, कोट मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि दिवा लावायचंही विसरली. एकतीस वर्षांत तिचा रंग कधी चुकला नव्हता.

त्या संध्याकाळी तिने भावाला सांगितलं, "माझे डोळे गेले रे."

"काहीतरीच काय! डॉक्टरांकडे जाऊ उद्या."

"नको. ते काय सांगणार ते मला ठाऊक आहे. आता ते त्यांच्या तोंडून ऐकायचं नाही."

बाबांनी खूप समजावलं, पण आत्या एकदा नाही म्हणाली की नाही. तिने शिंपीकाकांना फोन केला. नाक्यावरच्या त्यांच्या दुकानातूनच तिच्याकडे निम्मं काम येतं. "कोटाचं काम आता पाठवू नका. आणि सोमवारी या, धाग्यांचे डबे घेऊन जा. कुणाच्या तरी उपयोगी पडतील." हे बोलताना तिचा आवाज अगदी सरळ होता. फोन ठेवल्यावर मात्र ती डब्यांवरून एकेक करून हात फिरवत राहिली. माझ्या डब्यावरूनही फिरवला. मित्रांनो, मी नुसती काच आणि तार आहे, तरी मला ते सहन झालं नाही.

चौकशीला हे सगळं पटत नव्हतं. शनिवारी तिला सुट्टी होती. ती आत्याच्या समोर येऊन बसली आणि तिने सुरुवात केली.

"आत्या, त्या बाईंनी कोट दाखवला तेव्हा तुला डाग दिसला?"

"दिसला की. न दिसायला काय झालं?"

"लगेच दिसला?"

"लगेच."

"मग इथे टेबलावर का नाही दिसला?"

"वय झालं गं."

"तुझं वय फक्त टेबलावर होतं का? दारात गेलं की होत नाही?"

आत्याला हसू आलं. चौकशीने मग डाळिंबी आणि तपकिरी अशा दोन पट्ट्या काढल्या, दोन्हींचे वीतभर तुकडे कापले आणि डाळिंबी तुकड्याला टोकाशी गाठ मारली. गाठ मुठीत लपवून दोन्ही धागे त्या पांढऱ्या उजेडात धरले.

"सांग, डाळिंबी कुठला?"

आत्याने पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. शेवटी मान हलवली. "बघ, म्हटलं नव्हतं मी? नाही कळत."

चौकशी स्वतः वाकली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आत्या, मला पण नाही कळत. माझे पण डोळे गेले?"

मग दोघी एकदमच उठल्या आणि गॅलरीत पळाल्या. बाहेरून चौकशीची आरोळी ऐकू आली. "हा लाल! हा चॉकलेटी! आंधळ्यालाही दिसेल!" बाबांना हाक गेली. त्यांनाही आत आणून परीक्षा घेतली, तेही नापास. बाहेर नेलं, पास. तिघं परत टेबलापाशी आली आणि वर त्या गारेगार पाहुण्याकडे बघत उभी राहिली.

"तो जुना दिवा कुठे आहे?" आत्याने विचारलं.

मित्रांनो, बटणं बाजूला करून तिच्या बोटांनी मला शोधलं तो क्षण मी विसरणार नाही. बाबांनी मला बसवलं. खटका दाबला. मी असा पेटलो, असा पेटलो! आणि माझ्या झोतात दोन धागे आले. एक डाळिंबी आणि एक तपकिरी, जसे आहेत तसे. आत्याने पटकन डाळिंबीवर बोट ठेवलं. चौकशीने धागे पाठीमागे नेऊन अदलाबदल केली, पुन्हा धरले. पुन्हा बरोबर. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. अकराव्यांदा आत्याने बोट ठेवलं नाही, कारण ती रडत होती.

"माझे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "अरे, माझे डोळे चांगले आहेत!"

बाबांचा चेहरा उतरला. "ताई, मीच घोळ घातला की. महिनाभर तू..."

आता तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट, बल्बाला त्याची जागा परत मिळाली. मलाही तसंच वाटलं आणि मी आणखी ऐटीत तापलो. आत्या म्हणालीच, "हाच राहू दे." पण चौकशीने पुढचा प्रश्न विचारला आणि माझी ऐट उतरली.

"आणि हा गेल्यावर?"

खरंच होतं ते. माझ्या आतली तार आता केसासारखी झाली आहे. कधी तुटेल, सांगता येत नाही. आणि माझ्यासारखे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत. मी आज गेलो तर आत्या उद्या पुन्हा तिथेच.

"नव्यात कमी काय आहे ते शोधू," चौकशी म्हणाली. "उजेड तर त्याचा भरपूर आहे."

अशा रीतीने नऊ वर्षांनी मी घराबाहेर पडलो. एका फडक्यात मी, दुसऱ्यात तो नवा, आणि चौकशीच्या खिशात ते दोन धागे. विजेच्या सामानाचं दुकान चालवणारे काका फारसं बोलणारे नाहीत. त्यांनी मला उलटंपालटं केलं, पाय बघितले आणि विचारलं, "उजेडात काय बघायचंय?"

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"दिवा कशासाठी हवा? जिन्यासाठी की चित्रासाठी, की भाजी चिरायला? हे कुणी सांगतच नाही. सगळे वॅट विचारतात आणि जातात."

चौकशीने धागे काऊंटरवर ठेवले आणि सगळी हकिगत सांगितली. काका पहिल्यांदाच हसले. त्यांच्याकडे होल्डर लावलेली एक फळी होती. तिच्यावर त्यांनी त्या पांढऱ्या पाहुण्याला लावलं आणि म्हणाले, "तळहात धर खाली."

चौकशीने धरला. तळहात राखाडी दिसत होता, तापातून उठल्यासारखा. मग काकांनी मला लावलं. तळहात गुलाबी झाला.

"दुकानात दुसरं काही नसलं तरी हात असतोच," काका म्हणाले. "ज्याच्याखाली तुझा हात जिवंत दिसत नाही, तो दिवा रंगाच्या कामाचा नाही."

मग त्यांनी दुकानातली काही खोकी उलटी केली, त्यांत आमच्या पांढऱ्या पाहुण्यासारख्या बल्बचंही एक होतं. पुढच्या बाजूला जाहिरात असते, खरी माहिती मागे बारीक अक्षरांत असते, असं ते म्हणाले. वॅट म्हणजे दिवा किती खातो. उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं. तेव्हा मला माझ्या खोक्यावरच्या पन्नासचा अर्थ लागला, आणि मी फळीवरच वरमलो.

"आणि हे के म्हणजे?" चौकशीने बोट ठेवलं.

"केल्विन. उजेडाचा रंग. हा तुमचा नवा साडेसहा हजारांचा, म्हणून निळसर पांढरा. जुना तीन हजारांच्या आसपास, उबदार पिवळसर."

"मग तीन हजारांचा कुठलाही घेतला तर चालेल?"

"नाही ना. हे बघ, सीआरआय. दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचे शंभरपैकी मार्क. नव्वदच्या वर हवेत. तुमच्या नव्याच्या खोक्यावर हा आकडाच नाही."

"का नाही?"

"ज्याला मार्क कमी पडतात तो प्रगतिपुस्तक दाखवतो का?"

चौकशी इतकी हसली की काऊंटरवरचे धागे उडाले. बाबांनी आपल्या रीडिंगच्या वहीत हे सगळं टिपून घेतलं. काकांनी अजून एक गोष्ट सांगितली, ती झोताच्या पसाऱ्याची. नव्याचा पसारा फार रुंद होता, म्हणून उजेड आत्याच्या डोळ्यांत जायचा. माझ्यासारखा अरुंद झोत हवा असेल तर खोक्यावर अंश बघायचे, छत्तीस किंवा त्याच्या आसपास.

त्यांनी चार बल्ब काढले. चौकशीने प्रत्येकाखाली हात धरला, मग धागे धरले, मग पुन्हा हात धरला. दोन गिऱ्हाइकं मागे ताटकळली, त्यांनाही तिने हात धरायला लावला. शेवटी एक निवडला. सहा वॅटचा, तीन हजारांचा, सत्त्याण्णव मार्कांचा, दोन आखूड पायांचा. बाबा म्हणाले, "मग ते बाकीचे पाच टाकून द्यायचे?" काका म्हणाले, "टाकता कशाला? जिन्यात पायऱ्याच बघायच्या असतात. तिथे ते राजासारखे काम करतील." निघताना त्यांनी दोन होल्डरची एक छोटी पट्टी उद्यापर्यंत वापरायला दिली.

घरी चौकशीने आत्याला डोळे मिटायला लावले. पट्टीवर एकीकडे मला लावलं, दुसरीकडे त्या सत्त्याण्णव मार्कांच्या नव्याला, आणि मध्ये पुठ्ठा उभा केला. दोन्हीकडे कोटाची एकेक बाही.

"उघड डोळे. सांग, तुझा जुना कुठला?"

आत्याने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे धागे धरले. मी जीव तोडून पेटलो होतो. नऊ वर्षांची ओळख, मला ओळखायला ती चुकेल कशी? आत्याने बोट दाखवलं.

त्याच्याकडे.

"हा. हा माझा जुना."

मित्रांनो, वाईट वाटलं का म्हणाल, तर वाटलं. खूप वाटलं. पण तिने लगेच खात्रीसाठी हात पुढे केला, तर तिकडे गार आणि माझ्याकडे धग. "अगं बाई, शेगडी इकडे आहे!" असं म्हणून ती इतक्या मोकळेपणाने हसली, की महिनाभरात तसं हसू मी ऐकलंच नव्हतं. तेव्हा मला कळलं, की माझ्याजवळ तिला लागणारं जे होतं ते सगळं त्याच्याजवळ होतं, आणि फक्त माझी धग तेवढी त्याच्याजवळ नव्हती. मग माझी काय तक्रार असणार?

बाबांनी मला विझवलं. त्या संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर आत्याने तो तपकिरी डाग धाग्याधाग्याने उसवला आणि पुन्हा विणला. घाम पुसायला ती एकदाही थांबली नाही. सोमवारी सकाळी ग्रंथपालबाई आल्या. गॅलरीतल्या उन्हात त्यांनी कोपर वर केलं, खाली केलं, बोट फिरवलं.

"कुठे होतं हो ते?"

त्या दिवशी आत्या पोटभर जेवली. दुपारी शिंपीकाका रिकामी पिशवी घेऊन डबे न्यायला आले, तर ती म्हणाली, "डबे विसरा. कोट आणलेत का?"

मी आता चौकशीच्या अभ्यासाच्या टेबलावर असतो. वारा आला की तिची पानं दाबून धरतो. तिच्या मैत्रिणी आल्या की ती मला त्यांच्या हातात देते आणि माझ्या वतीने हे सगळं सांगते, म्हणून तुम्हालाही कळलं. तुमच्या घरातला एखादा बल्ब गेला की दुकानात जाण्याआधी एवढं विचारा, की त्याच्या उजेडात कोण काय बघणार आहे. मग खोक्याची मागची बाजू वाचा आणि आपला हात खाली धरून बघा. कमी खाणारा दिवा जरूर घ्या. माझ्यासारखे खादाड गेलेलेच बरे.

पण माझी खरी विनंती निराळी आहे. घरातलं कुणी "मला आता जमत नाही" असं म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. ते माणूस कुठे बसतं, कुठल्या उजेडात काम करतं, ते आधी जाऊन बघा. आत्याला तिचं काम परत मिळालं, धागे परत मिळाले. पण चांगले डोळे असून ती महिनाभर स्वतःला म्हातारी समजत राहिली, तो महिना तिला अजून कुणी परत देऊ शकलेलं नाही.